परसातील पाणी आणि डासांचा बंदोबस्त

पावसाळ्याची पहिली झड येऊन गेली म्हणजे पंधरा-वीस दिवसांच्या आत शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी केली असता "ताप आहे" एवढेच उत्तर मिळते. तापाचे रुग्ण वाढले की ग्रामपंचायतीकडे धूरफवारणीची मागणी होते. यंत्र येते, एक संध्याकाळ गल्लीगल्लीतून पांढरा धूर पसरतो, मुले त्यामागे धावतात आणि आपले काम झाले असे सर्वांनाच वाटते. आठवड्याने डास पूर्ववत् होतात. मग औषधच निकृष्ट होते, असा निष्कर्ष काढून गाव मोकळे होते. वस्तुतः दोष बहुधा औषधाचा नसतो. धुराने त्या वेळी उडत असलेले डास तेवढे मरतात; पाण्यात वाढत असलेल्या त्यांच्या अळ्यांना त्याची बाधा होत नाही. ज्या घरातील माणसे यंत्र पाहावयास ओट्यावर आलेली असतात, त्याच घराच्या परसात डासांची पुढची पिढी तयार होत असते.

डासाची वाढ कशी होते हे शिक्षकांनी नीट समजून घेतले तर पुढील बहुतेक उपाय आपोआप सुचतात. डासाच्या आयुष्याच्या अवस्था चार: अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला डास. यांपैकी पहिल्या तीन अवस्था पाण्यात अथवा पाण्याच्या काठाशी जातात. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यापासून डास बाहेर पडेपर्यंत साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. एवढ्या काळात तो उडू शकत नाही, चावू शकत नाही, आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाऊही शकत नाही. तो कोठे आहे हे पाहणाऱ्यास ठाऊक असते. पंख फुटल्यावर मात्र त्याचा पाठलाग करणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम होते. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याचा समाचार घ्यावा, असे आरोग्य खाते सांगत असते. आठवडा हा काही शुभाशुभाचा हिशेब नव्हे. डासाला पंख फुटण्यास जेवढे दिवस लागतात त्यांच्या आत एक दिवस साधावयाचा, एवढाच त्याचा अर्थ.

ही गोष्ट फळ्यावर चित्र काढून सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दाखविणे सोपे आहे आणि त्याला खर्चही नाही. एक स्वच्छ काचेची बरणी घ्यावी. परसातील एखाद्या जुन्या डब्यात वळवळणारे बारीक किडे दिसतात ते पाणी त्या बरणीत अर्धे भरावे. पुष्कळ मुले या किड्यांना पाण्यातले निरुपद्रवी जीव समजतात. डासाशी त्यांचा संबंध आहे हे घरातील मोठ्या माणसांनाही अनेकदा माहीत नसते. बरणीच्या तोंडावर पातळ फडके दोऱ्याने घट्ट बांधावे व ती खिडकीत ठेवावी. बरणीवर हाताची सावली पडताच अळ्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा पृष्ठभागाला येऊन टेकतात, हे मुले पहिल्याच दिवशी टिपतील. चार-सहा दिवसांनी काही अळ्यांचे कोष होतात. कोष स्वल्पविरामाच्या आकाराचा असतो, त्यामुळे तो ओळखण्यास मुलांना अडचण पडत नाही. तो काही खात नाही, मात्र हालचाल करतो. पुढे दोन दिवसांनी एके सकाळी पाण्यावर रिकामी साल तरंगताना दिसते आणि फडक्याच्या आतल्या बाजूस डास बसलेला असतो. "हाच का तो?" हा प्रश्न त्या वेळी जो विद्यार्थी विचारील, त्याला पुढे घोषवाक्ये पाठ करून घेण्याची गरज पडणार नाही.

शेजारी दुसरी बरणी ठेवून तिच्यातील पाण्यावर गोड्या तेलाचे थेंब सोडावेत. तेलाचा पापुद्रा पाण्यावर पसरला की अळ्यांना श्वास घेता येत नाही व काही वेळाने त्या निश्चल होतात. अळी पाण्यात राहत असली तरी हवेवर जगते, हा विज्ञानाचा धडा त्यातून विनासायास होतो. प्रयोग संपल्यावर पहिली बरणी तशीच उघडू नये. शिक्षकांनी स्वतः फडक्यावरून साबणाचे पाणी ओतून बरणी हलवावी व नंतर ते पाणी कोरड्या जमिनीवर टाकावे. शाळेने डास सोडले, असा बोल गावाकडून येऊ नये.

सर्व डास सारखे नसतात, ही दुसरी समजण्याची गोष्ट. हिवतापाचा उलगडा करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनाही ती कष्टाने शिकावी लागली. सुमारे दोन वर्षे ते भारतात डासांची चिरफाड करीत होते, परंतु ज्या जातींचे डास त्यांच्या हाती येत होते त्यांचा हिवतापाशी संबंधच नव्हता. अखेरीस २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ठिपकेदार पंखांच्या एका निराळ्या डासाच्या जठरात त्यांना हिवतापाचे जंतू वाढत असलेले दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २० ऑगस्ट हा दिवस 'जागतिक डास दिन' म्हणून पाळला जातो. तो शाळेच्या ऐन पहिल्या सत्रात आणि पावसाळ्याच्या मध्यावर येत असल्याने बरणीचा प्रयोग त्या सुमारास योजणे सोयीचे.

शिक्षकांना तीन प्रकार ओळखता आले म्हणजे पुरे. हिवताप पसरविणारा तो अॅनॉफिलीस. तो बसतो तेव्हा डोके खाली व शेपटाकडील भाग वर असा तिरपा बसतो, आणि त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. पाट, ओहोळ, खाचरे, विहिरी व टाक्या ही त्याची ठिकाणे. दुसरा क्युलेक्स, गटार, तुंबलेली मोरी, उघडी सेप्टिक टाकी अशा घाण पाण्यात तो वाढतो, रात्री चावतो, आणि विदर्भासारख्या भागात हत्तीरोग पसरवितो. तिसरा एडिस, काळसर अंग व पायांवर पांढरे पट्टे ही त्याची खूण. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे रोग त्याच्यामुळे पसरतात. तो गटारात जन्मत नाही. माणसाने पिण्यासाठी, वापरण्यासाठी साठविलेले स्वच्छ पाणी हेच त्याचे आवडते स्थान. "आमच्याकडे घाण नाही, मग डेंग्यू कसा झाला?" असे एखादा पालक दुखावून विचारतो, तेव्हा त्याचे म्हणणे खरे असू शकते. घर स्वच्छ असते, परस झाडलेले असते, आणि कोपऱ्यातील निर्मळ पाण्याच्या रांजणात अळ्या असतात. (तिन्ही प्रकारांत चावते ती केवळ मादी, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर फुलांतील व झाडांतील रसावर जगतो.)

एडिस फार दूर उडत नाही. जेथे जन्मला त्यापासून शंभर-दोनशे मीटरच्या आतच तो बहुधा आयुष्य काढतो. त्यामुळे परस हा या विषयाचा खरा नकाशा आहे, आणि शेजाऱ्याचे परस हा त्याचाच उरलेला भाग.

परसाची पाहणी करताना मोठे हौद व विहिरी यांकडेच दृष्टी जाते. पण एडिसला हाताच्या ओंजळीत मावेल एवढे पाणी पुरते. छपरावर टाकलेले जुने टायर, फुटका माठ, रंगाचा रिकामा डबा, तुळशीच्या किंवा फुलझाडाच्या कुंडीखालील ताटली, वापरातून गेलेले उखळ, पाट्याच्या खोलगट भागात साचलेले पाणी, कोंबड्यांना पाणी ठेवावयाची वाटी, गुरांची दगडी डोण, प्लॅस्टिकच्या कागदाच्या घडीत अडलेले पाणी, उन्हाळा संपल्यावर तसाच ठेवलेला कूलर, या सर्व जागा पाहाव्या लागतात. कोकणात या यादीत भर पडते ती नारळाच्या करवंट्यांची, पोफळीच्या गळलेल्या झावळीच्या द्रोणासारख्या देठांची, तोडलेल्या बांबूच्या पोकळ खुंटांची आणि झाडांच्या ढोलींची. करवंट्या पालथ्या घालाव्यात किंवा चुलीत घालाव्यात. बांबूचा खुंट मातीने भरावा. टायर छपराखाली ठेवावा, नाही तर त्यास भोके पाडावीत. झुडपे तोडली म्हणजे डास गेले, ही समजूत मात्र सोडावी. झुडपात डास दिवसा विसावतात, जन्मत नाहीत. परसात गवती चहा किंवा झेंडू लावला म्हणजे डास येत नाहीत, असेही सांगितले जाते. झाडे अवश्य लावावीत, पण त्यांच्या केवळ उभे राहण्याने साचलेल्या पाण्यातील अळी मरत नाही. कडुलिंबाच्या पाल्याच्या धुराचेही तसेच. धूर असतो तोवर डास दूर राहतात.

यापर्यंतची कामे मुलांच्या हातून सहज होण्याजोगी आहेत. कठीण प्रश्न पुढे आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून पत्रके काढली जातात म्हणून ती वाचून बाजूस ठेवली जातात.

'आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवा' असा उपदेश केला जातो. ज्या गावात नळाला आठ किंवा बारा दिवसांनी पाणी येते, अथवा टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा उपदेश ऐकणाऱ्या बाईने काय करावे? डोक्यावर दोन-दोन हंडे आणून तिने पिंप भरलेले असते. ते ओतून द्या, असे तिच्या मुलाने शाळेतून येऊन सांगितले तर ती मुलाला रागावेल आणि गुरुजींनाही मनातून हसेल. यात तिची चूक कोणती? पाण्याची टंचाई आणि एडिस यांचे नाते जुने आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग देशात जवळजवळ विसरला गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला, आणि २००६ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून त्याच्या तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. ज्या घरात पाणी कमी, त्या घरात साठवणीची भांडी अधिक. आणि ज्याचे पोट मजुरीवर, त्याला सांधे धरून महिना-महिना बसावे लागले तर ते सर्वांत जड जाते. ऐन खुरपणीच्या दिवसांत बोटे मिटता न येणे म्हणजे काय, हे अशा घरांना विचारावे.

म्हणून पाणी फेकण्याचा नव्हे, तर पाणी राखून भांडे घासण्याचा धडा द्यावयास हवा. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या बाजूस. ती काळ्या बारीक ठिपक्यांसारखी चिकटून बसतात. पाणी ओतून दिले तरी ती तेथेच राहतात. वाळली तरी कित्येक महिने जगतात, आणि भांडे पुन्हा भरून पाणी त्या रेषेला लागले की फुटतात. नुसते भांडे उपडे करून समाधान मानणाऱ्याच्या घरीही डास होतात याचे कारण हे. यास्तव भांड्यातील पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, रिकाम्या भांड्याची आतली बाजू, विशेषतः काठाखालची कड, काथ्याने व राखेने खसखसून घासावी, घासलेले पाणी कोरड्या मातीत टाकावे, आणि गाळलेले पाणी पुन्हा भरावे. गाळलेल्या फडक्यावर अळ्या राहतात. ते फडके उन्हात कोरडे करावे. यात पाण्याचा तांब्याभरच नाश होतो.

कोरड्या दिवसाचा वारही गावोगावी एकच असला पाहिजे असे नाही. नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशी घरातील भांडी आपोआपच तळाला गेलेली असतात. तोच दिवस घासण्यासाठी ठरवावा. बाईच्या कामाच्या क्रमात तो सहज बसतो. पाणी येण्यात आठवड्याहून अधिक अंतर पडत असेल तर मध्ये एकदा गाळण्याचे काम करावे. भांडे भरले की त्याच्या तोंडावर जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे दुहेरी फडके ताणून बांधावे. केवळ वर ठेवलेली फळी किंवा ताट पुरेसे नाही, कारण डासाला शिरण्यास बोटभर फट चालते. जो हौद बांधीव असल्यामुळे रिकामा करता येत नाही, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मिळणारे गप्पी मासे सोडावेत. गुरांचा हौद, वापरात नसलेली विहीर अशा ठिकाणी ते चांगले काम देतात. मात्र ते मूळचे परदेशी असल्याने नदी-ओढ्यात सोडू नयेत. तेथील देशी माशांना त्यांचा उपसर्ग होतो. अळीनाशक औषध टाकण्याचे काम आरोग्य सेवकांकडे सोपवावे. मुलांच्या हाती औषध, रॉकेल किंवा जळके ऑइल देऊ नये, आणि विहिरीच्या किंवा खोल हौदाच्या काठावर त्यांना वाकू देऊ नये.

सांडपाण्याविषयी थोडे. न्हाणीचे पाणी परसात पसरू न देता अळूच्या, केळीच्या आळ्यांना वळविले आणि ते जमिनीत जिरत राहिले तर पुष्कळ भागते. जेथे जमीन घट्ट आहे तेथे शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी असे खड्डे करून उघडी गटारे नाहीशी केली, आणि त्यामुळे डास हटल्याचा त्यांचा अनुभव पुढे इतर जिल्ह्यांनीही अनुसरला. चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये वरच्या बाजूस छिद्रे असलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड, अशी त्याची साधी रचना असते. सेप्टिक टाकीच्या वाऱ्याच्या नळीला बारीक जाळी बांधणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

फवारणीला सर्वस्वी निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटींच्या आसपास लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज आहे. घरोघरी डीडीटी फवारल्यानंतर १९६५ च्या सुमारास हा आकडा एक लाखापर्यंत उतरला. रोग संपला असे मानून दक्षता ढिली पडली, डासही औषधाला निर्ढावले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. साथ पेटलेली असता यंत्र अवश्य यावे. पण यंत्र वर्षातून एकदा येते आणि पाणी वर्षभर साचते.

हे काम शाळेने किती अंगावर घ्यावे, याविषयी शिक्षकांच्या मनात शंका असणे स्वाभाविक आहे. सर्वेक्षणांचा आणि नोंदींचा भार आधीच कमी नाही. येथे नवी नोंदवही अपेक्षित नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरलेल्या दिवशी आपल्याच घरचे परस मोठ्या माणसाबरोबर पाहावे आणि वर्गात येऊन 'अळ्या होत्या' किंवा 'नव्हत्या' एवढेच चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीवर नाव नसावे. कोणाच्या घरी अळ्या सापडल्या हे वर्गात मोठ्याने वाचले गेले की पुढील आठवड्यापासून कोणाच्याच घरी अळ्या सापडत नाहीत. चाळीस चिठ्ठ्यांपैकी चौदांवर 'होत्या' असेल तर शेकडा किती, हे उदाहरण पाचवीच्या मुलांनी सोडवावे व उत्तर भिंतीवरील तक्त्यात मांडावे. आरोग्य खाते ज्या रीतीने गावाची पाहणी मोजते तिचेच हे लहान रूप आहे. तक्त्यातील आकडा तीन आठवडे उतरला नाही तर तो घेऊन आशा स्वयंसेविकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जाता येते. आकड्यासह केलेली मागणी टाळणे कठीण असते.

मुलाला ताप आला तर अंदाज बांधीत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेण्यास पालकांस सांगावे. डेंग्यूचा संशय असता अॅस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणजे धोका टळला असेही नसते. ताप उतरताना पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अथवा मूल गळून पडणे, यांपैकी काही दिसले तर त्याच घटकेस रुग्णालयात न्यावे. शाळेत परत आलेले मूल पंधरवडाभर थकलेले असते. त्याला कवायतीला उभे करू नये.

एक गोष्ट शाळेच्या स्वतःच्या अंगणाची. एडिस दिवसा चावतो. सूर्योदयानंतरचे काही तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास त्याचा जोर अधिक असतो. म्हणजे मुलाला डास चावला तो घरीच चावला असे नाही. वर्गात, पाठीमागच्या बाकावरही चावला असेल. शाळेच्या छपरावरील पाण्याची टाकी, झाकण निघालेले पिंप, शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरामागे टाकलेले डबे, बागेतील कुंड्या, स्वच्छतागृहातील न वापरलेली बादली ही सर्व ठिकाणे शाळेच्या ताब्यातली आहेत. दिवाळीच्या सुटीत टाकी पाण्याने भरलेली व अर्धवट झाकलेली राहिली तर शाळा उघडेपर्यंत तिच्यातून डासांच्या एकाहून अधिक पिढ्या बाहेर पडू शकतात. सुटी लागण्याच्या दिवशी टाकी रिकामी करून, आतून घासून, पूर्ण वाळल्यावर झाकण घट्ट बसवावे. पिंपे व बादल्या पालथ्या घालून मगच कुलूप लावावे. भिंतीवरील तक्त्यात दर आठवड्याची पहिली नोंद शाळेच्या टाकीची असावी, आणि ती मुख्याध्यापकांनी स्वतः पाहून लिहावी.